गिल्मॅनियाच्या शीट्स: दिसलं त्याची नोंद आहे, न दिसल्याची कुठाय?

अमेरिकेतल्या डेथ व्हॅली ह्या वाळवंटी खोऱ्यात एक छोटंसं रोप उगवतं, गिल्मॅनिया ल्युटिओला त्याचं नाव. इंग्रजीत गोल्डन कार्पेट म्हणतात, आपण सोनेरी सतरंजी म्हणू. कॅलिफोर्नियाची इनयो काउंटी, त्यात डेथ व्हॅलीचा परिसर, बास, जगात बाकी कुठेच नाही. आणि तिथेही दरवर्षी नाही. मधली कित्येक वर्षं जमिनीवर त्याचं पानसुद्धा नसतं, मग एखाद्या हिवाळ्यात नीट पाऊस पडतो आणि जिथे मातीत क्षार फुटलेत, दुसरं काही धड उगवत नाही अशा उघड्याबोडक्या उतारांवर हे पिवळंधमक पसरतं, मार्च ते मे, मग उन्हं तापली की संपलं.

ह्या एका रोपाची जुनी हर्बेरियम रेकॉर्ड्स (हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या रोपांचे नमुने जपून ठेवणारा संग्रह) नीट लावून नकाशा करायचा होता, माझ्या एका अभ्यासक मैत्रिणीला हवा होता. रेकॉर्ड्स फार नाहीतच, मला वाटलं दोन संध्याकाळी बसले की झालं. गेला अख्खा हिवाळा. आणि त्या हिवाळ्यात जे कळत गेलं ते कुठेतरी सलग लिहून ठेवावं असं फार वाटत होतं म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितेय. ज्यांनी कधी हर्बेरियमचा डेटा डाउनलोड करून थेट नकाशावर टाकलाय त्यांनी तर वाचाच.

आधी रोपाबद्दल थोडं. कुळ पॉलिगोनेसी, म्हणजे आपल्या अंबटचुक्याचं कुळ. खोडं जमिनीलगत चहूबाजूंनी सरपटत जातात, पानं गोलसर, खोडं पानं सगळीच पिवळसर हिरवी झाक असलेली, आणि फुलं एवढीशी की पाकळ्या नीट बघायच्या तर भिंग लागतं. एकेक फूल बघून कुणी थांबणार नाही, पण शेकडो फुलं एकत्र आली की तो उतारच पिवळा दिसतो. ह्या प्रजातीत (इंग्रजीत जीनस) दुसरी जातच नाही, गिल्मॅनिया म्हणजे हे एकच रोप. कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत ते १ब गटात आहे, म्हणजे कॅलिफोर्नियात आणि बाहेरही दुर्मिळ किंवा धोक्यात असलेल्यांच्या गटात.

आता गोष्ट सुरू होते १८९१ ला. अमेरिकेच्या शेती खात्याने डेथ व्हॅलीत मोठी मोहीम काढली, सी. हार्ट मेरियमच्या विभागातर्फे, पक्षी, प्राणी, वनस्पती सगळं गोळा करायला. वनस्पतींचं काम फ्रेडरिक कोव्हिलकडे, वय २४, आणि मदतनीस फ्रेडरिक फन्स्टन, वय २५. दोन पोरं म्हणायची, खेचरं, रोपं दाबून वाळवायची प्रेस, कागदाचे गठ्ठे आणि तो मुलूख. तिथे गोळा केलेल्या वनस्पतींवर कोव्हिलने १८९३ ला मोठा अहवाल छापला आणि त्यात ह्या पिवळ्या रोपाला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं, फायलोगोनम ल्युटिओलम.

इथेच पहिली गाठ आहे. फायलोगोनियम नावाची शेवाळाची एक प्रजाती कितीतरी आधीपासून होती. एका अक्षराचा फरक. वनस्पतींची नावं ठेवायच्या नियमांत इतकं सारखं नाव चालत नाही, घोळ होतो म्हणून नंतरचं बाद धरतात. पण ते निस्तरायला १९३६ साल उजाडलं. कोव्हिलनेच नवं नाव दिलं, गिल्मॅनिया, आणि पुढच्याच वर्षी, १९३७ ला तो गेला. म्हणजे ज्या माणसाने विशीत ते रोप कागदावर चिकटवलं त्यानेच सत्तरीला टेकताना त्याचं नाव दुरुस्त केलं, मला ही गोष्ट फार भावते. मधल्या काळात तो शेती खात्याचा मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाला होता, आणि आज आपण दुकानातून ब्लूबेरीचे डबे आणतो ना, ती ब्लूबेरी शेतात लावण्याजोगी करण्यात एलिझाबेथ व्हाइटबरोबर त्याचा मोठा वाटा आहे.

आणि गिल्मॅनिया हे नाव कुणावरून? मार्शल फ्रेंच गिल्मन. १९३० च्या दशकात डेथ व्हॅलीत निसर्ग अभ्यासक म्हणून राहिलेला माणूस. ह्याच्या नावाची रोपं मोजायला बसलात तर ॲस्ट्रॅगॅलस गिल्मनाय, सिमोप्टेरस गिल्मनाय, एरिओगोनम गिल्मनाय, अशी ओळ लागते. का, तर तो तिथे होता. वॉशिंग्टनहून दोन महिने येऊन जाणारा पाहुणा नव्हता, पाऊस पडला की त्याला घरातून कळायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर नावाची गाठ कामात कशी येते ते सांगते. हर्बेरियमची शीट म्हणजे साधारण २९ बाय ४२ सेंटीमीटरचा जाड कागद. त्यावर दाबून वाळवलेलं रोप, गोंदाने किंवा कापडी पट्टीने बसवलेलं, बहुतेक वेळा उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल, आणि कुठेतरी घडीचं एक पाकीट, त्यात गळून पडलेली फुलं, बिया, तुकडे. शीटचा नियम असा की जुनं लेबल कधीच खोडायचं नाही. नाव बदललं की नवीन चिठ्ठी वर चिकटवायची, बदलणाऱ्याचं नाव आणि साल घालून. त्यामुळे जुन्या शीटवर चिठ्ठ्यांची उतरंडच लागते आणि ती वाचत खालपासून वर गेलं की त्या रोपाबद्दलची लोकांची समजूत कशी बदलत गेली ते कळतं. पण ह्या नोंदी ज्यावरून डाउनलोड करतो त्या ऑनलाइन पोर्टलवर टाइप करणाऱ्याने कुठली चिठ्ठी उचलली? जुनी उचलली असेल तर तुम्ही गिल्मॅनिया शोधताय आणि ती शीट फायलोगोनमखाली बसलीये. म्हणून पहिलं काम, दोन्ही नावं टाकून शोधायचं, आणि जुन्या नावाची सगळी स्पेलिंगं टाकून पण, कारण त्या एका 'i' अक्षराचा घोळ टाइप करतानाही होतो.

दुसरं काम डुप्लिकेट. एका ठिकाणी एका दिवशी गोळा केलेल्या रोपांचा एकच नंबर असतो पण रोपं जास्त असली की कलेक्टर त्याच्या तीनचार शीट्स करतो आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना वाटतो, एक वॉशिंग्टनला, एक बर्कलीला, एक क्लेअरमॉंटला. का, तर एक जळाली तर दुसरी राहावी. हे नुसतं बोलायला नाही. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, त्यानंतरची आग, त्यात कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं हर्बेरियम गेलं. ॲलिस ईस्टवुड ही तिथली क्युरेटर, जिना कोसळलेला तर ती कठड्याच्या लोखंडावर पाय देत सहाव्या मजल्यावर चढली आणि दोरीने गठ्ठे खाली सोडले, जवळजवळ १५०० नमुने वाचवले. आणि ते इतक्या पटकन हाताला लागले कारण टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून नाव ठेवलं जातं ते मूळ नमुने, तिने आधीपासून वेगळ्या कपाटात ठेवले होते. त्या वेळची रीत अशी नव्हती, तिचंच डोकं. आणि बघा, त्याच आगीत शहरात सैन्य उतरवून आग अडवायला इमारती सुरुंगाने उडवणारा सेनाधिकारी कोण, तर फ्रेडरिक फन्स्टन. १८९१ ला कोव्हिलबरोबर खेचरांवर वनस्पती लादणारा तोच. मधल्या पंधरा वर्षांत तो सैन्यात गेला, फिलिपिन्समध्ये तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता आगिनाल्दो ह्याला पकडून नावाजला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पोचला. लेबलवर 'कोव्हिल आणि फन्स्टन' असं वाचलं की मला आता दोन्ही चित्रं दिसतात, वाळवंट पण आणि ती आग पण.

तर मुद्दा डुप्लिकेटचा. तीन हर्बेरियमच्या तीन शीट्स म्हणजे डाउनलोडमध्ये तीन ओळी, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या माणसाने लेबल वाचून वेगवेगळे अक्षांश रेखांश काढलेले असू शकतात, म्हणजे एक माणूस एका सकाळी एका उतारावर वाकला आणि नकाशावर तीन ठिपके उमटले. वरून बघणाऱ्याला वाटेल वा, तीन ठिकाणी आहे. कलेक्टर, नंबर, तारीख ह्या तिन्हींवरून ओळी जुळवल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मी रंग भरत बसले, एका कलेक्शनला एक रंग. यादी बघता बघता आखडली, आणि खरं सांगते पोटात कसंतरी झालं, कारण आधीच दुर्मिळ ते आणखी दुर्मिळ दिसायला लागलं.

आता जागा. ह्यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.

जुन्या लेबलांवर जीपीएस कुठून असणार. जागा म्हणजे एक नाव, फार तर कशापासून किती मैल ते. समजा लेबलवर फर्नेस क्रीक एवढंच आहे. तर फर्नेस क्रीक म्हणजे नेमकं काय? तो ओढा आहे, बहुतेक वेळ कोरडा. तो ज्या घळीतून येतो ती घळ पण फर्नेस क्रीकचीच. खाली सपाटीवर झऱ्याच्या पाण्यावर वाढलेलं हिरवं बेट, तेही फर्नेस क्रीक, तिथलं रँच, म्हणजे मोठं शेत, आधी ग्रीनलँड म्हणून ओळखलं जायचं. १९२७ ला तिथे हॉटेल उघडलं. आज तुम्ही हे नाव कुठल्याही मॅपमध्ये टाका, टाचणी जाऊन बसते त्या हिरव्या बेटावर, जिथे खजुराची झाडं आहेत आणि समुद्रसपाटीच्या खाली असलेलं गोल्फचं मैदान आहे. म्हणजे क्षार फुटलेल्या उघड्या मातीशिवाय न उगवणारं रोप आपल्या नकाशात गोल्फच्या हिरवळीत. १८९१ च्या माणसाने हे नाव लिहिलं तेव्हा ना गोल्फ होतं ना हॉटेल, त्याच्या डोळ्यासमोर ओढा किंवा घळ असणार. त्यामुळे लेबलवरचं नाव त्या सालच्या नकाशात शोधायचं, आजच्या नाही. आणि ठिपका द्यायचाच तर त्याच्याभोवती वर्तुळ द्यायचं की बाबा ह्या इतक्या किलोमीटरच्या आत कुठेतरी. वर्तुळ मोठं आलं तर येऊ दे, तेच खरं आहे. लहान नेमका ठिपका दिसायला छान असतो पण तो आपण बनवलेला असतो.

(आणि ही नावंसुद्धा बाहेरच्यांनी दिलेली आहेत, फर्नेस क्रीक म्हणजे भट्टीचा ओढा, फ्युनरल माउंटन्स म्हणजे अंत्यविधीचे डोंगर, बॅडवॉटर म्हणजे वाईट पाणी. तिथे पूर्वीपासून राहणारे टिंबिशा शोशोनी लोक, ते अजूनही फर्नेस क्रीकलाच राहतात, २००० साली कायदा होऊन त्यांना त्यांच्या जमिनीचा काही भाग परत मिळाला. त्यांचं नावच तिथल्या तांबड्या मातीवरून आहे, अंगाला लावायच्या रंगाच्या मातीवरून. त्यांच्यासाठी ते मरणाचं खोरं नव्हतंच कधी, घर होतं. शीटवर त्यांच्या भाषेतली जागेची नावं नाहीत ह्याची मला हळहळ वाटते, ती असती तर कदाचित घळ कुठली हा प्रश्नच आला नसता.)

उंचीचं पण तसंच. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, फर्नेस क्रीक साधारण ५८ मीटर खाली. म्हणजे उंचीच्या कॉलममध्ये उणे चिन्ह लागतं. आता टाइप करणाऱ्याकडून ती आडवी रेघ सुटली, किंवा त्याला ती नुसता डॅश वाटली, किंवा फुटाचे मीटर करताना गेली, की रोप शंभरेक मीटर वर चढलं. इतर कुठल्या जिल्ह्याच्या डेटात ही चूक लगेच डोळ्यात येईल, इथे उतारावरची उंची अधिक पण असू शकते आणि उणे पण, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. जागा आणि उंची एकमेकांना धरून आहेत का हे प्रत्येक ओळीत तपासावं लागलं.

हे सगळं झाल्यावर तारखा लावल्या. आणि इथे मी खुर्चीतून उठले.

डेथ व्हॅलीचा वर्षाचा पाऊस सरासरी ५-६ सेंटीमीटर. महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात ह्याच्या दुप्पट सहज पडतो. आणि ही सरासरी झाली, प्रत्यक्षात १९२९ साल अख्खं कोरडं, शून्य. १९५३ पण शून्य. १९३१ ते ३४ मध्ये सलग ४० महिन्यांत मिळून ०.६४ इंच, म्हणजे दीड सेंटीमीटरच्या आसपास. तर ह्या मातीत बी पडून आहे. ते नुसत्या ओलीवर फसत नाही. फ्रिट्स वेंट ह्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात वाळवंटातली माती आणून त्यावर कृत्रिम पाऊस पाडून बघितला, खालून पाणी देऊन माती भिजवली तर बरीच बियाणी ढिम्म, वरून चांगला इंचभर पाऊस धुऊन गेला तरच उगवली. बियांच्या सालीत किंवा भोवतीच्या मातीत उगवण रोखणारे क्षार आणि रसायनं असतात, ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाला तरच बी मानतं की हा खरा पाऊस. त्यातही शरद ऋतूत पडला पाहिजे, पुढे हिवाळ्यात अधूनमधून पडत राहिला पाहिजे, वारा फार सुटायला नको. आपल्याकडे कारवी सात वर्षांनी फुलते म्हणतो तेव्हा निदान वर्ष मोजता येतं. इथे मोजायला वर्षच नाही.

मग ह्या रोपाची शीट असणं म्हणजे काय? त्या वर्षी तिथे नीट पाऊस झाला होता एवढं नक्की. आणि दुसरं, त्या पावसानंतरच्या त्या दोनतीन महिन्यांत रोप ओळखणारा, सोबत प्रेस असलेला माणूस तिथे हजर होता. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच शीट. त्यामुळे फुलं कुठे आहेत ह्यापेक्षा पाऊस आणि माणूस एकत्र कधी आले ह्याचीच ही यादी जास्त आहे.

डेथ व्हॅलीतल्या पावसाच्या नियमित नोंदी १९११ पासून. म्हणजे १८९१ साठी त्या हिवाळ्याचा तिथला आकडा आपल्याकडे नाही. पण शीट आहे! कोव्हिल आणि फन्स्टनला ते रोप सापडलं म्हणजे त्या आधी पाऊस झाला होता. दुसरीकडून पडताळायचं म्हणून शोधलं तर फेब्रुवारी १८९१ ला शेजारच्या ॲरिझोनात सॉल्ट नदीला प्रचंड पूर आलेला, तिथल्या इतिहासातला गाजलेला पूर. ॲरिझोना म्हणजे डेथ व्हॅली नाही, हे मान्य, पण त्या हिवाळ्यात नैर्ऋत्य अमेरिकेत मोठी वादळं आली होती हे त्यावरून कळतं आणि शीट त्याच्याशी जुळते. १३० वर्षं कपाटात पडलेला कागद पावसाची साक्ष देतोय. मी त्या रात्री मैत्रिणीला फोन करून हे इतक्या भरभर सांगितलं की ती म्हणाली अगं जरा श्वास घे.

आणि गिल्मन. १९३६ ला नाव बदललं तेव्हा कोव्हिलने त्याचं नाव निवडलं ह्याचं कारण ह्या यादीतून मला जास्त कळलं. त्या ४० कोरड्या महिन्यांच्या अवतीभवती तो माणूस तिथे होता. बाहेरून येणारा कोरड्या वर्षी आला की रिकाम्या हाताने जातो आणि पुन्हा येत नाही. राहणारा माणूस थांबतो.

आता दुसरी बाजू, जी मला खरी टोचते. २०१८ च्या मार्चमध्ये आई साताऱ्याहून आली होती, तिला घेऊन आम्ही डेथ व्हॅलीला गेलो. तेव्हा मी ह्या कामात नव्हते पण रोप माहीत होतं आणि बघायचंच असं ठरवलं होतं. आर्टिस्ट्स ड्राइव्ह म्हणून १४-१५ किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे, डोंगराला गुलाबी, हिरवट, जांभळे पट्टे, त्या भागातून हळूहळू गेलो. जिथे उतरायला मुभा होती तिथे उतरलो. माती अशी की वरून कडक पापुद्रा, बोटाने दाबला तर कुरकुरत आत जातो आणि खाली पिठासारखी भुकटी. मध्ये मध्ये पांढरं फुटलेलं. एक काडी नाही. आई ओढणीने डोकं झाकून उभी, म्हणाली, "अगं, एवढ्या लांब आणलंस, फूल कुठाय?" मी म्हटलं, "आई, पाऊसच नाही झाला ह्या वर्षी, ते जमिनीखाली असेल." तिने वाकून बघितलं, खरंच वाकून, आणि म्हणाली, "कासला कसं, भादव्यात गेलं की दिसतंच. इथली माणसं काय करत असतील, दरवर्षी येऊन बघून जात असतील का?" तिला मी अंबटचुक्याच्या घरातलं रोप आहे सांगितल्यावर तर तिला आणखीच माया आली, घरी जाईपर्यंत विचारत होती की मग चव आंबट असेल का.

तर ही आमची सकाळ. दोन माणसं, नेमकी जागा, नेमका महिना, तास दीड तास डोळ्यात तेल घालून बघितलं, रोप नाही. ही माहिती नाही का? आहे. चांगली माहिती आहे. पण तिची शीट होत नाही, कारण चिकटवायला काही नाही. हर्बेरियमच्या कपाटात रिकाम्या कागदाला जागा नाही. आमच्यासारखे किती जण कोरड्या वर्षी जाऊन परत आले असतील, पार्कचे लोक तर दरवर्षी बघत असतील, त्यातलं काहीच त्या डाउनलोडमध्ये येत नाही. मग कुणीतरी बसतं, दशकवार रेकॉर्ड्स मोजतं, अमुक दशकात जास्त, तमुक दशकात कमी, आणि म्हणतं रोप घटतंय. घटत असेलही. पण त्या दशकात माणसंच गेली नसतील तर? किंवा पाऊस पडला त्या वर्षी कुणाकडे परवाना नसेल तर? डेथ व्हॅली १९३३ पासून राष्ट्रीय स्मारक, १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान, तिथून परवान्याशिवाय पानही तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे हल्ली बघणारे वाढलेत पण शीट्स त्या प्रमाणात वाढणारच नाहीत, फोटो वाढतील. फोटोत बी नाही, पाकीट नाही, त्यातून उद्या डीएनए काढता येणार नाही, पण तारीख आणि जागा पक्की असते. त्यातही दुर्मिळ जातींची जागा सार्वजनिक साइटवर मुद्दाम धूसर करतात, आयनॅचरलिस्टवर ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतात, म्हणजे २०-२२ किलोमीटरचा फरक पडू शकतो. लोकांनी जाऊन तुडवू नये म्हणून हे हवंच, त्या मातीवर एक पाऊल पडलं की पुढचा मोठा पाऊस येईस्तोवर ठसा तसाच राहतो. पण नकाशा करणाऱ्याने तो धूसर ठिपका खरा धरला की पुन्हा तेच, रोप कुठल्या कुठे.

रस्त्याचं पण सांगायला हवं. ठिपके रस्त्यालगत जास्त. रोपाला रस्ता आवडतो म्हणून नाही, माणूस गाडीतून उतरून किती चालतो त्यावर ते ठरतं. रस्त्यापासून पाच किलोमीटर आत तशीच माती, तसाच उतार असेल तर तिथे रोप नाही असं ह्या नकाशावरून मी म्हणू शकत नाही, आणि आहे असंही म्हणू शकत नाही.

शेवटी मैत्रिणीला जे दिलं ते असं. ओळी नाहीत, कलेक्शन्स दिली, म्हणजे डुप्लिकेट एकत्र करून. प्रत्येकाला वर्तुळ दिलं, ज्या दोन जुन्या लेबलांची जागा काही केल्या ठरेना ती नकाशातून काढली पण तक्त्यात ठेवली, लेबलचे शब्द जसेच्या तसे लिहून. ह्यावर आमचं थोडं वाजलं, तिचं म्हणणं अंदाजे तरी ठिपका दे, रिकामं दिसतं. मी दिला नाही. कॉलेजात आम्हाला ५० शीट्स सबमिट करायच्या होत्या, मी त्यातल्या कितीतरी शीट्सवर 'साताऱ्याजवळ' एवढंच लिहिलं होतं, तारखा शेवटच्या रात्री एकाच पेनने अंदाजाने टाकल्या, मार्क चांगले पडले. आज त्यातल्या एका रोपाची जागा कुणी विचारली तर मला सांगता येणार नाही, आणि ते रोप मी मुळासकट उपटलं होतं. ते आठवलं की अंदाजे ठिपका द्यायला हात धजत नाही.

आणखी एक कॉलम घातला, कलेक्शनच्या आधीच्या सप्टेंबरपासूनचा फर्नेस क्रीकचा पाऊस, जिथे आकडा आहे तिथे. ऑक्टोबर २०१५ ला तिथे मोठा पाऊस झाला होता, पुरात स्कॉटीज कॅसलकडचा रस्ता वाहून गेला, आणि २०१६ च्या वसंतात सगळी व्हॅली फुलली, लांबून लांबून लोक बघायला आले. पण प्रत्येक मोठा पाऊस असा कामाचा नसतो. ५ ऑगस्ट २०२२ ला एका दिवसात ३७ मिलीमीटर, २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळात ५६ मिलीमीटर, म्हणजे वर्षाचा पाऊस एका दिवसात, पण ऐन उन्हाळ्यात. अशा पावसाने हिवाळी बी उठेल की वाहून जाईल हे त्या पुढच्या मार्चमध्ये कुणीतरी उतारावर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघून रोप नसेल तर ते लिहून ठेवल्याशिवाय नाही.

म्हणून तक्त्याला दुसरं पान जोडलं, नाव दिलं 'शोधलं, दिसलं नाही'. मैत्रीण आधी म्हणाली हे कशाला, मग तिने स्वतःच्याच दोन ट्रिपा त्यात भरल्या, तिच्या सरांनी एक सांगितली. पहिली ओळ मात्र आमची आहे. तारीख फोनमधल्या फोटोंवरून काढली. मार्च २०१८, सकाळी साडेआठ ते दहा, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, थांबायच्या तीन जागा, माती कोरडी, पापुद्रा न फुटलेला, मागच्या वर्षीची वाळकी खोडंही नाहीत. शोधणारे दोन. शेऱ्यात लिहिलंय, पायवाट सोडली नाही, आईने वाकून बघितलं.